पोट भरणे वेगळे, अंगी लागणे वेगळे

दसरा जवळ आला की आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांत एक मागणी हमखास वाढते. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, टोळ्या निघायच्या तयारीत असतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात जाऊन पाच-सहा महिने ऊस तोडायचा, तर अंगात थोडी ताकद असावी म्हणून बायामाणसे दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, लई थकवा येतोय, पिंढऱ्या ओढतात, मोळी उचलली की दम लागतो. जायच्या आधी एक बाटली लावा."

ही बाटली म्हणजे सलाईन. तिच्यात काय असते, हे आज प्रथम सांगतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी सगळे शुद्ध पाणी असते. ग्लुकोजची बाटली असेल तर तिच्यात २५ ग्रॅम साखर असते. या साखरेतून मिळणारी ऊर्जा एका भाकरीतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या निम्मीही नाही. जुलाब-उलट्यांनी ज्याच्या अंगातले पाणी गेले आहे, त्याला ही बाटली जीवदान देते. परंतु ज्या बाईचे रक्त महिनोन्‌महिने कमी होत आले आहे, तिच्या अंगात या बाटलीतून रक्ताचा एक थेंबही तयार होत नाही. दोन दिवस हुशारी वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग ताकद येते कशातून? याचे उत्तर अन्नातील पोषक द्रव्यांत आहे. हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला असतो, पण त्याचा अर्थ फारसा कोणी समजावून सांगत नाही. आज तो समजून घेऊ.

पोषक द्रव्ये म्हणजे काय?

कोणताही सजीव, मग तो माणूस असो, बैल असो की ज्वारीचे ताट, तीन कारणांसाठी बाहेरून काही ना काही आत घेत असतो. पहिले कारण जळण. हृदय, फुप्फुसे, मेंदू झोपेतही चालू असतात आणि त्यासाठी ऊर्जा लागते. दुसरे कारण बांधकाम. मूल वाढते, जखम भरते, जुन्या पेशी मरून नव्या तयार होतात, त्याला माल लागतो. तिसरे कारण कामकाज. शरीरात क्षणोक्षणी हजारो रासायनिक क्रिया चालतात. त्या घडवून आणायला काही पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात, पण अवश्य लागतात. ही तीन कामे करणारे अन्नातील जे घटक, ती पोषक द्रव्ये.

ती मुख्यतः सहा प्रकारची आहेत. पिष्टमय पदार्थ, म्हणजे भाकरी, भात, साखर. स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप. प्रथिने, म्हणजे डाळी, दूध, अंडी, मटण. चौथी जीवनसत्त्वे, पाचवी खनिजे आणि सहावे पाणी. पहिली दोन प्रामुख्याने जळणाचे काम करतात. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून सुमारे ९. प्रथिने बांधकामाची. जीवनसत्त्वे आणि खनिजे कामकाजाची, शिवाय काही खनिजे हाडांसारख्या बांधकामातही जातात.

यातला महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. शरीर हा मोठा कारागीर आहे. साखरेची चरबी करणे, प्रथिनांची मोडतोड करून नवी प्रथिने घडवणे, हे त्याला जमते. पण काही पदार्थ ते कधीच तयार करू शकत नाही. प्रथिने ज्या वीस घटकांपासून बनतात, त्यांपैकी नऊ माणसाला अन्नातूनच घ्यावे लागतात. 'क' जीवनसत्त्व गाय, शेळी, कुत्रा हे प्राणी आपल्या शरीरात स्वतः तयार करतात, म्हणून शेळीला लिंबू चोखावे लागत नाही. माणसाला ते तयार करता येत नाही. आणि लोह, चुना, जस्त, आयोडीन ही तर मूलद्रव्ये. ती जगातला कोणताही प्राणी किंवा वनस्पती तयार करू शकत नाही. ती मातीतून झाडात, झाडातून जनावरात आणि दोहोंतून माणसात यावी लागतात.

म्हणून पोट भरणे आणि अंगी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहा-बिस्किटे, पांढरा भात आणि पातळ वरण यांनी पोट भरते, भूक थांबते, जळण मिळते. पण जे घटक त्या ताटात नाहीत, ते शरीर आणणार कुठून?

उसाचा केवडा आणि बाईचा पांढुरका चेहरा

ही गोष्ट आपल्या शेतकरी वाचकांना मी वेगळी शिकवावी असे नाही. पिकाच्या बाबतीत ती त्यांना चांगली कळते. वनस्पतीला वाढीसाठी एकूण १७ मूलद्रव्ये लागतात. त्यातली तीन हवा-पाण्यातून मिळतात, उरलेली चौदा जमिनीतून. नत्र, स्फुरद, पालाश यांची पोती आपण आणतोच. शिवाय जस्त आणि लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्येही आता बरेच शेतकरी देतात.

चुनखडीच्या जमिनीत उसाला किंवा भुईमुगाला केवडा पडतो, तो अनेकांनी पाहिला असेल. (बाजरीवर बुरशीमुळे पडतो तो केवडा वेगळा.) नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, वाढ खुंटते. कारण लोहाची कमतरता. गंमत अशी की आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असते. पण चुनखडीमुळे ते अशा रूपात अडकून बसते की मुळांना उचलता येत नाही. मग शेतकरी काय करतो? अजून एक पोते युरिया टाकत नाही. तो हिराकस आणतो, पाण्यात विरघळवून फवारतो आणि शेणखत वाढवतो.

एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हाच नियम जगापुढे मांडला. पिकाची वाढ त्याला मिळणाऱ्या एकूण खतावर ठरत नाही. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडते, त्याच्यावर ती अडते. हौदाच्या तीन भिंती उंच आणि एक भिंत हातभर बुटकी असेल, तर पाणी त्या बुटक्या भिंतीपर्यंतच साठणार. बाकीच्या भिंती कितीही उंच करा, उपयोग नाही.

माणसाचेही तसेच आहे. आपल्या भागातील स्त्रियांच्या बाबतीत ही बुटकी भिंत बहुतेक वेळा लोहाची असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक आया आणि दर तीन मुलांतली दोन मुले. पिकाचा केवडा बांधावरून दिसतो. घरातल्या बाईचा पांढुरका पडलेला चेहरा रोज समोर असतो, म्हणूनच तो दिसत नाही.

लोह करते काय?

प्रौढ माणसाच्या अंगात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या खिळ्याइतके. त्यातले बहुतांश रक्तातील हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्यात असते. फुप्फुसातला प्राणवायू उचलून तो हातापायांच्या स्नायूंपर्यंत, मेंदूपर्यंत, गर्भार बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोहोचवणे हे हिमोग्लोबिनचे काम. ते कमी झाले की प्राणवायूची वाहतूक कमी होते. मग हृदय जास्त वेगाने धडधडते, दम लागतो, डोके दुखते, चक्कर येते, पायात गोळे येतात, कामावरून मन उडते. काही स्त्रियांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. हे बहुधा लोह कमी पडल्याचे लक्षण असते. त्याला खोड म्हणून रागावण्याऐवजी रक्त तपासावे.

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेल्यावर शरीर तिच्यातले लोह वाया जाऊ देत नाही, नव्या पेशीत पुन्हा वापरते. त्यामुळे पुरुषाला रोज जेमतेम एक मिलिग्रॅम लोहाची भर पुरते. स्त्रीची गोष्ट वेगळी. दर मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. नेहमीच्या पाळीत दरमहा १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते आणि अंगावर जास्त जात असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका गरोदरपणात आईला सुमारे एक हजार मिलिग्रॅम जास्तीचे लोह लागते. लागोपाठ दोन-तीन बाळंतपणे झाली की साठा रिकामा होतो.

अन्नातले सगळे लोह अंगी लागत नाही. भाकरी-भाजीच्या आहारातून दहा भागांतला एखादाच भाग रक्तात शोषला जातो. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाच्या आहारात रोज १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावे. म्हणजे स्त्रीला भाकरी कदाचित कमी पुरेल, पण लोह दीडपट लागते. आणि आपल्या घरांत शेवटी जेवते कोण? भाजी संपल्यावर तव्यातला खरडा पुसून घेऊन जेवते कोण? याचा विचार घरातल्या पुरुषांनी करावा.

हिमोग्लोबिन किती असावे? गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ ग्रॅमच्या वर, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या वर, पुरुषाचे १३ ग्रॅमच्या वर. गरोदरपणात ते ७ च्या खाली गेले तर जिवाला धोका असतो. अशा बाईला बाळंतपणात झालेला थोडासा रक्तस्रावही सोसत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आठ-नऊ ग्रॅमवाल्या स्त्रिया मी दरवर्षी पाहतो. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, रात्री कोपीवर येऊन चूल पेटवायची, आणि हे सर्व दोन तृतीयांश रक्तावर. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, पण त्या कोयत्याच्या एका हातात रक्त कमी आहे, हे कोणाच्या हिशोबात नसते.

मुंबईत लागलेला एक शोध

रक्त केवळ लोहाने बनत नाही, हे दाखवणारा एक महत्त्वाचा शोध आपल्याच महाराष्ट्रात लागला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकजणी दगावत. तेव्हा तो कोणत्या तरी जंतूंमुळे होत असावा, असाही संशय होता. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना या स्त्रियांची राहणी आणि रोजचे जेवण तपासले. तेव्हा असे दिसले की या स्त्रियांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि दूध फारच कमी होते. मग त्यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाचा बाजारात मिळणारा स्वस्त पदार्थ, देऊन पाहिला आणि रुग्ण बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये नेमके कोणते द्रव्य आहे, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे १९४१ साली अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

आज उपकेंद्रात गरोदर बाईला जी लाल गोळी मोफत मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्यातले दुसरे द्रव्य मुंबईच्या गरीब कामकरी स्त्रियांमुळे जगाला सापडले आहे. आणि पहिले? ते बहुधा फेरस सल्फेट असते, म्हणजे जातीने आपण उसावर फवारतो ती हिराकसच, पण औषधासाठी शुद्ध केलेली आणि मोजून दिलेली. शेतीची हिराकस मात्र कोणीही कधीही पोटात घेऊ नये, ते विष ठरेल.

रक्त तयार व्हायला तिसरे एक द्रव्य लागते, ते ब-१२ जीवनसत्त्व. हे वनस्पतीत नसते. दूध, दही, ताक, अंडी, मटण, मासे यांतून मिळते. माळकरी घरांत दूध-दही सगळेच विकून टाकू नये, थोडे घरात ठेवावे, ते यासाठी.

आपल्याच घरातले लोह

महागड्या डब्यातल्या पावडरी मी कोणाला लिहून देत नाही. आपल्या जुन्या ताटातच पुष्कळ काही आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत आणि गव्हात सुमारे ४, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. बाजरीच्या भाकरीची जागा भाताने आणि पावाने घेतली, ती आपल्याला महागात पडली आहे. इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी लोह व जस्त जास्त असलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण काढला आहे. अशाच जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातील ग्रामीण वसतिशाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना देऊन केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चार महिन्यांतच त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. म्हणजे भाकरीनेही रक्त सुधारते, मात्र बी-बियाण्याकडे लक्ष हवे.

हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला, राजगिरा, तांदुळजा, मटकी, हरभरा, तीळ, कारळे, शेंगदाणे, अळीव हे सर्व लोह देणारे आहेत. ज्यांना चालते त्यांनी अंडी, मासे, मटण, विशेषतः कलेजी अधूनमधून खावी, कारण मांसातले लोह जास्त सहज शोषले जाते. परळी-अंबाजोगाईकडे वेळ अमावस्येला होणारी भज्जी आठवा. तिच्यात हिरव्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, डाळीचे पीठ, सोबत बाजरीचे उंडे आणि ज्वारीची आंबील. इतके चौरस जेवण वर्षातून एकदाच का करावे?

यासोबत चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, हिरवी कोथिंबीर यांपैकी काही तरी असावे. यांतले 'क' जीवनसत्त्व भाकरी-भाजीतले लोह सुटे करते आणि शोषायला मदत करते. चुनखडीत अडकलेले लोह शेणखताने सुटावे, तसाच हा प्रकार. शंभर ग्रॅम आवळ्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास 'क' जीवनसत्त्व असते.

दोन, जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या चहा पिऊ नये. चहातले तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवते, शोषण निम्म्यावर येते. चहा प्यायचाच तर जेवणाच्या आधी किंवा नंतर किमान एक तास सोडून प्यावा.

तीन, कडधान्यांना मोड आणावेत, पीठ आंबवून खावे. त्यामुळे लोहाला अडवणारी द्रव्ये कमी होतात. लोखंडी तव्या-कढईत भाजी करावी, विशेषतः टोमॅटो किंवा चिंच घातलेली आंबट भाजी.

चार, मिश्री लावणे सोडावे. तंबाखूने भूक मरते आणि पोटातल्या बाळाचेही नुकसान होते.

बीट आणि डाळिंब लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते, ही समजूत बरोबर नाही. दोहोंत लोह अगदी थोडे असते. फळ म्हणून जरूर खावे, पण त्यावर विसंबू नये. पालकातही लोह आहे, पण त्यातला फारच थोडा भाग शोषला जातो. त्याचे खरे मोल फॉलिक आम्लासाठी.

गोळ्यांविषयी

रक्त एकदा १०-११ च्या खाली गेले की केवळ आहाराने भरून निघायला फार काळ लागतो. तिथे गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळी शक्यतो उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मळमळ होत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्यावी, पण बंद करू नये. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याने घाबरून जाऊ नये. गोळ्यांनी बाळ काळे होते किंवा फार मोठे होते, हा निव्वळ गैरसमज आहे.

नीट गोळ्या घेतल्या तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते. ते पुरेसे झाल्यावरही आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात, म्हणजे रिकामा साठा भरतो. गरोदर बाईने सहा महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने रोज गोळी घ्यायची असते. महिन्याने रक्त वाढलेच नाही तर गोळ्या वाढवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. जंत, सिकलसेल, थॅलेसेमिया, मूळव्याध अशी इतर कारणेही असू शकतात. अनवाणी फिरणाऱ्यांच्या तळपायांतून शिरणारे आकडीजंत आतड्याला चिकटून रोज रक्त पितात. यासाठी पायात चप्पल हवी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताची गोळीही घ्यावी. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र जंताची गोळी घेऊ नये.

लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गोड म्हणून मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते. रक्त फारच कमी असेल, किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर लोह शिरेतूनही देतात. पण ते लोहाचे औषध असते, वर सांगितलेली साधी बाटली नव्हे. ते रुग्णालयातच घ्यावे. रक्त चढवण्याची वेळ आली तर जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे.

एक नाजूक पण आवश्यक गोष्ट. पाळीत अंगावर फार जात असेल तर रक्तक्षय पुन्हा पुन्हा होणारच. त्यावर औषधोपचार आहेत. पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. शस्त्रक्रिया कोणी सुचवलीच, तर सोनोग्राफी, रक्त तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. पिशवी काढल्याने अशक्तपणा जात नाही, तो लोह भरून काढल्याने जातो.

गावाबाहेर पडण्यापूर्वी

ज्यांच्या घरातून कोणी तोडीला जाणार आहे, त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. निघण्याच्या निदान महिनाभर आधी घरातल्या प्रत्येक स्त्रीचे आणि मुलीचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या, तपासणी मोफत आहे. आकडा कागदावर लिहून घ्या. आशाताईंकडून पूर्ण हंगामाच्या गोळ्या मागून घ्या. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत न ठेवता सोबत न्या. जिथे कोपी पडेल, तिथल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रात ते दाखवा. गोळ्या आणि लस तिथेही मिळते. शिधा बांधताना पीठ-मिठाबरोबर पाच किलो मटकी-हरभरा, दोन किलो शेंगदाणे, तिळा-कारळ्याची चटणी आणि वाळवलेला आवळा बांधा.

मुकादम बंधूंनाही विनंती आहे. टोळीतल्या बायांची तपासणी निघण्याआधी करून घेतली तर तुमचे नुकसान काही नाही, उलट हंगामात आजारपणाचे खाडे कमी होतील. ज्या बाईचा आकडा आठच्या खाली आहे किंवा जिला सातवा महिना लागला आहे, तिला फडात नेऊ नका.

आणि जे गावातच राहणार आहेत त्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. शाळेत जाणारी मुलगी, दुकानावर बसणारी बाई, घरातली म्हातारी, रक्त कोणाचेही कमी असू शकते. या आठवड्यात एकदा घरातल्या स्त्रियांच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात पाहा. ती फिकट दिसली तर तपासणीला उशीर करू नका. आतली बाजू लाल दिसली तरी तपासणी टाळू नका, कारण थोडा रक्तक्षय नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.